नवऱ्याचा नंबर

तिचं नाव मी विचारलं नाही. वाशिमच्या कचेरीत ती माझ्यापुढे रांगेत होती, रिठदची नवी सून. नवरा परदेशात. त्याच्याकडे जायचं म्हणून वकिलातीसाठी लग्नाचा दाखला प्रमाणित करून घ्यायला सासऱ्यांसोबत आली होती. त्यांना ती मामाजी म्हणे. ते चहाला गेले, आणि तेवढ्यात तिचा नंबर लागला.

दाखला पाहून बाबू म्हणाले, "पासपोर्टवर नवऱ्याचं नाव असंच आहे का? फोन लावून विचारा."

तिनं मोबाइल काढला, हातात फिरवला आणि हळूच म्हणाली, "त्यायचा नंबर मामाजीजवळ आहे."

"नवऱ्याचा नंबर तुमच्याजवळ नाही?"

मागचे दोघे हसले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला म्हणाली, "ते मामाजीच्याच फोनवर बोलतात, ताई. इथं असं विचारतील, मले काय माहीत?"

सासरे आले. त्यांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. नवऱ्यानं नाव सांगितलं, सोयाबीन काढलं का विचारलं, आईची तब्येत विचारली. तिनं फोनसाठी हात पुढे केला, तोच तिकडून फोन कटला. त्याच हातानं तिनं पदर सारखा केला.

शिक्का बसला. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, "घाईत असतात ते."

मी मान हलवली. तिच्याकडे पाहणं मात्र मला जमलं नाही.