झाकून ठेवलेलं भांडण

लहानपणी मी फार गुणी मुलगी होते, असं मी नातीला सांगत असते. खोटं पाडायला आता कोण उरलंय? साक्षीदार एकेक करून गेले, आणि धाकटा भाऊ आहे त्याला ऐकू येत नाही.

खरं तर मी भयंकर होते. राग आला की माझा चेहरा आधी लाल व्हायचा, मग जांभळा, आणि मग हाताला लागेल ती वस्तू उडायची. पर्वतीच्या पायथ्याशी, वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. वडील एका कचेरीत कारकून. आमच्या घरात, आणि बहुधा सगळ्या आळीतच, चिडलेल्या पोरावर एकच औषध चालायचं, ते म्हणजे टोमणा. मी किंचाळले की वडील वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "वा, आवाज लागलाय. रेडिओवाल्यांना कळवायला हवं." अशाने राग जात नाही. तो आत जाऊन बसतो आणि ऐसपैस पाय पसरतो.

दहा वर्षांची असेन. नाशिकची मामेबहीण आमच्याकडे आली होती. घरात मुंज होती आणि तिची कपड्यांची पिशवी एसटीतच राहिली. आईने मला न विचारता माझा नवा पिवळा फ्रॉक तिला घातला. मी तो अजून एकदाही घातला नव्हता! मुंजीच्या दिवशी दात ओठ खाऊन गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि मी सुटले. "तुम्हाला माझी काही किंमतच नाही!" असं ओरडून मी पाण्याचं फुलपात्र भिरकावलं. ते दारातून बाहेर गेलं, जिन्यावरून एकेक पायरी मोजत खाली गेलं आणि मालकीणबाईंच्या पायाशी थांबलं.

खालून आवाज आला, "अहो वहिनी, तुमचं भांडं आलंय. मागून दूधही येतंय का?"

आईचा एक हात लाटण्यावर, दुसरा तव्यापाशी. ती रागावली नाही. रागावायला तिला वेळच नव्हता. ती म्हणाली, "हे बघ, माझ्या पोळ्या करपताहेत. तुझं भांडण मी झाकून ठेवते. तू पर्वती चढून ये. आलीस की वाढते."

पाय आपटत निघाले. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या, त्यांच्यावर पाय आपटायलाही धड जमत नाही. पहिल्या टप्प्याला मी अनाथ झाले होते. दुसऱ्या टप्प्याला मेले होते आणि सगळे माझ्यासाठी रडत होते. मामेबहीण सर्वांत जास्त. वर पोचले तेव्हा मला फक्त भूक लागली होती.

घरी आले तर आईने खरंच पान मांडलं होतं. पोळी, तूप, गूळ. समोर बसली आणि एखादा हिशेब अर्धा राहिला असावा तशी म्हणाली, "हं. कुठे होतो आपण? 'किंमतच नाही' इथपर्यंत आलं होतं."

आता आली का पंचाईत! मला वाटलं होतं, ती विसरली असेल. मोठी माणसं विसरतात, त्यावर तर पोरांची सगळी भिस्त असते. पायऱ्यांवर रचलेली भाषणं मी आठवून पाहिली, पण गूळ तोंडात असताना मरणाचं काही नीट बोलता येत नाही. शेवटी जे निघालं ते मलाही ठाऊक नव्हतं.

"तिला तो माझ्यापेक्षा छान दिसला."

आई हसली नाही. "नाही गं, तूच छान दिसतेस," असंही म्हणाली नाही. पुण्याचीच ती. म्हणाली, "हो. दिसला खरा. मग?"

"मग काय? रडू आलं."

"मग रडायचं की. फुलपात्र कशाला?"

मी रडले. तिने दुसरी पोळी वाढली.

तेव्हापासून आमच्याकडे ती रीतच पडली. मी टोक गाठलं की आई म्हणायची, "झाकून ठेवते," आणि मी वर. परत आले की हमखास, "कुठे होतो आपण?" माझं वाक्य तिला शब्दन्‌शब्द पाठ असायचं. कधी ते ऐकून मलाच लाज वाटायची. कधी ती विचार करून म्हणायची, "हे मात्र तुझं बरोबर आहे," आणि मला त्याहून मोठा विजय ठाऊक नव्हता.

पुढे पुढे मी बनेलही झाले. शनिवारी संध्याकाळी मैत्रिणी पर्वतीवर जमायच्या, त्यामुळे शनिवारी मला राग यायचाच. एकदा मी भाजीवरून तोंड वाकडं करायच्या आत आईनेच दार उघडून धरलं. "निघ. आज शनिवार आहे. भांडण काय ठेवू? भोपळ्याचं?"

एकच भांडण तसंच राहिलं.

सोळा-सतरा वर्षांची होते. खो-खोत मी बरी होते. बरी हे आत्ता म्हणते. त्या वेळी माझ्या मते पुण्यात माझ्यासारखी चपळ मुलगी जन्मलीच नव्हती. नागपूरला जाणाऱ्या संघात माझी निवड झाली आणि आई म्हणाली, "नाही. यंदा नाही." कारण सांगितलं नाही. "तू मला का नाही पाठवत?" असं मी सबंध आळीला ऐकू जाईल एवढ्याने विचारलं. तिने तोंडावर पदर धरला, आणि मग नेहमीचंच म्हणाली, "झाकून ठेवते. जाऊन ये."

उतरून आले तर बाहेरच्या खोलीत काका-काकू बसलेले. चहा गाळता गाळता आईने डोळ्यांनी खुणावलं, नंतर बसू. दुसऱ्या दिवशी आठवणीने म्हणाली, "तुझं झाकलंय हं. बसतेस?"

मी म्हटलं, "मला भूक नाही."

काय तो ताठा! मान अशी केली होती की आठवूनही दुखते. आईला चांगली शिक्षा केली असं मला वाटत होतं. संघ नागपूरला गेला, परत आला. माझं लग्न झालं, मुलगी झाली. माहेरी गेले की मटार सोलता सोलता आई मध्येच म्हणायची, "तुझं एक राहिलंय बघ." मी हसून म्हणायचे, "अगं, आंबलं असेल ते आता. टाकून दे."

"टाकवत नाही," ती म्हणायची.

आणि मग तीच गेली. यंदा नाही म्हणजे का नाही, ते राहून गेलं. वडिलांचा काही शब्द होता? तिची तब्येत? की नुसतीच भीती? मंडईत ताजे मटार आले की मला अजून वाटतं, विचारून यावं.

हे सगळं वर आलं ते नातीमुळे. लेक-जावई कामासाठी परदेशी गेले आणि चौदा वर्षांची नात शाळेचं वर्ष काढायला बंगळुरूहून माझ्याकडे आली. माझं घर अजूनही पर्वतीच्या सावलीतच, फक्त आता लिफ्ट आहे. ही पोरगी ओरडायची नाही. फेकायची नाही. कानांत ती गाण्यांची बोंडं घालायची आणि दार लावून घ्यायची. मी माझ्या वडिलांची मुलगी; दाराबाहेरून म्हणायचे, "आत कोणी राहतं का? जेवण कुठे ठेवू, उंबऱ्यावर?" दार आणखी घट्ट लागायचं. तिने माझ्याशी एकदा कडकडून भांडावं म्हणून मी नवस करायची बाकी होते.

एके दिवशी तिच्या कपाटाच्या तळाशी मला एक पांढरा शर्ट सापडला. बोळा केलेला, आणि शाईने बरबटलेला. शाळा सोडताना मैत्रिणी शर्टावर लिहून देतात, अशी पद्धत आहे म्हणे. मला कुठली ठाऊक? मला ठाऊक शाईचा डाग, आणि शाईच्या डागावर लिंबू-मीठ. सकाळभर चोळला. बरीचशी शाई गेली, बाकीचे निळसर ढग राहिले. गॅलरीत उन्हात वाळत घातला आणि स्वतःवर खूश होऊन थालीपिठाची भाजणी भिजवली.

ती शाळेतून आली. गॅलरीत पाहिलं.

"आज्जी! तू हात का लावलास? कोणी सांगितलं होतं तुला? इट वॉज माइन! तुला काय कळतंय? तुला काहीच कळत नाही!"

नवस फळला म्हणायचा. पण खरं सांगते, मला आनंद झाला नाही, मला राग आला. सकाळभर हात लिंबाने झोंबत होते. जिभेवर वाक्य तयार होतं, धारदार, आमच्या आळीचं. ते गिळलं, आणि जे आलं ते माझं नव्हतंच.

"तुझं भांडण मी झाकून ठेवते. तू पर्वती चढून ये. आलीस की वाढते."

"व्हॉट?" असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. आज्जीचं डोकं फिरलं हे तिला पटलं असावं. बूट घालून दार आपटून गेली.

मी ओट्यापाशी उभी. वाक्य विसरू नये म्हणून मनात घोकत होते: तुला काय कळतंय, तुला काहीच कळत नाही. आणि माझं: एवढं काय, शर्टच तर होता. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझंच बरोबर वाटलं. पुन्हा म्हटलं तेव्हा जरा पातळ लागलं. भाजणी मळून होईपर्यंत ते वाक्य माझ्याच्याने बोलवेना.

आणि मग लक्षात आलं. पायऱ्या मी चढत होते तेव्हा आईही अशीच, पोळपाटापाशी, काहीतरी उतरत असणार. मला वाटायचं, ती नुसती पोळ्या लाटत बसते. किती वर्षं मी तेच समजत होते! तिलाही राग येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई काय, पाण्याचा माठ. ती कशी तापेल?

दिवेलागणीला नात आली. घामेजलेली, नाक लाल. मी पान मांडलं, थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवला आणि समोर बसले.

"हं. कुठे होतो आपण? 'तुला काहीच कळत नाही' इथपर्यंत आलं होतं. त्यावर मी म्हणणार होते की शर्टच तर होता. ते मी मागे घेते. तू पुढे बोल."

"आज्जी, सीरियसली?"

"तुमच्या शाळेत म्हणतात ना, पोर्शन अर्धा ठेवू नये. बोल."

तिने लोणी बोटाने थालीपीठभर फिरवलं. मग म्हणाली, "मी सगळं वाचलं नव्हतं त्याच्यावरचं. मुद्दाम. जेव्हा खूप वाईट वाटेल तेव्हा एकेकीचं वाचायचं, म्हणून ठेवलं होतं."

पुन्हा लिहून घेऊ, फोन करू, असं पुष्कळ तोंडाशी आलं. मी म्हटलं, "हो. ते गेलं खरं."

तेव्हा ती रडली. चांगली मोठ्याने, भोकाड पसरून. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. मी दुसरं थालीपीठ तव्यावर टाकलं.

खाता खाता, डोळे पुसत तिने विचारलं, "हे झाकून ठेवणं, हे तू काढलंस?"

"माझ्या आईने."

"मग तुमच्या दोघींचं कधी झाकलेलं राहिलं का गं?"

"एक राहिलंय."

तिने तोंडातला घास गालाकडे सारला, मांडी घातली आणि माझी नक्कल करत, हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "हं. कुठे होतो आपण?"

तो माझा आवाज नव्हता, आईचा होता. एवढ्या वर्षांनी मी तो ऐकत होते, लिफ्टच्या इमारतीत, लोणी लागलेल्या तोंडातून. मला ते वाक्य शोधावं लागलं नाही.

"तू मला का नाही पाठवत," मी म्हटलं, "इथपर्यंत आलं होतं."

नातीला नागपूर ठाऊक नाही, खो-खो ठाऊक नाही, पणजी फक्त फोटोतली. उत्तर तिच्याकडे कसं असणार? मग तिने आपल्या थालीपिठाचा मोठा तुकडा मोडून माझ्या पानात ठेवला.

"मग?" ती म्हणाली.

आणि मला भूक लागली होती.