लोगो दिसला पाहिजे

आमच्या संस्थेच्या कुठल्याही बैठकीला माणसांआधी बॅनर पोचायचा. परदेशातल्या एका संस्थेकडून आम्हाला निधी येत होता, लोकशाही बळकट करण्यासाठी. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत लोकांना पालिकेकडे आपले प्रश्न कसे मांडायचे ते शिकवणं हे माझं काम. प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोत निधी देणाऱ्यांचा लोगो दिसलाच पाहिजे, ही अट. "मावशी, जरा डावीकडे सरका, लोगो झाकतोय," हे वाक्य मी लोकशाही या शब्दापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल.

अशातच वस्तीतलं सार्वजनिक शौचालय दुरुस्तीच्या नावाखाली बंद झालं. कुलूप लागलं, कामगार काही आले नाहीत. बायकांना डोंगर उतरून पार हमरस्त्यापर्यंत जावं लागे. म्हाताऱ्या तर दिवसभर पाणी पिणंच टाळत. शेवटी बायकांनीच ठरवलं, वॉर्ड ऑफिसात जायचं. पुढे होत्या एक मावशी, घरोघरी पोळ्या करणाऱ्या आणि तोंडाने फटकळ. मी बॅनर घेऊन सोबत गेले.

तिथल्या साहेबांनी बायकांकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅनर वाचला आणि मला विचारलं, "बाहेरचा पैसा ना? कोणी पाठवलं यांना?"

माझं डोकंच फिरलं. शौचालयाला कुलूप आहे म्हणून आलेल्या बाईला कोणी पाठवावं लागतं? आणि तिथे उभ्या उभ्याच माझ्या लक्षात आलं, की आमच्या निधीवाल्यांनाही हेच वाटत होतं. आपण पाठवलं म्हणून या बायका आल्या. साहेब त्याला कारस्थान म्हणत होते, निधीवाले त्याला यश म्हणत. मला दोघांचाही सारखाच संताप आला.

"ताई, ते गुंडाळ आधी," मावशी म्हणाल्या. मी बॅनर गुंडाळला. मग त्या साहेबांकडे वळल्या. "पोटाने पाठवलंय आम्हाला. आता बोला, कुलूप कधी काढताय?"

सगळ्याजणी पॅसेजमध्येच फतकल मारून बसल्या आणि ऑफिस सुटेपर्यंत उठल्या नाहीत. त्याच आठवड्यात कुलूप निघालं.

आमचे संचालक खूश झाले, पण बॅनरचा फोटो नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मग असं करू ना," ते म्हणाले, "बायकांना परत एकदा वॉर्ड ऑफिसच्या गेटवर उभं करू, बॅनर धरून. पाच मिनिटांचं काम आहे यार." फोटो गेला नाही तर पुढचा हप्ता अडेल, हेही सांगून झालं. माझा पगार त्याच हप्त्यातून निघायचा.

मी नाही म्हटलं. बायकांनी स्वतःच्या हिमतीवर जे मिळवलं, त्याचं नाटक त्यांना करायला लावणं मला जमणार नव्हतं. अहवालात लिहिलं, बायका आपणहून गेल्या, फोटो नाही. लोकशाहीसाठी पैसे देणाऱ्याला हे वाचून आनंद होत नसेल तर त्याने पैसे खुशाल दुसरीकडे द्यावेत, असं संचालकांना तोंडावर सांगितलं.

निधी थांबला, नोकरी गेली. आता मी मुलुंडला एका क्लासमध्ये शिकवते. पुन्हा विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन.

परवा कळलं, वस्तीतल्या बायका पाण्यासाठी पुन्हा वॉर्ड ऑफिसात जाऊन बसल्या होत्या. मी मावशींना फोन लावला. "अहो, मला सांगायचं तरी ना!"

"तुला कशाला?" मावशी म्हणाल्या. "ऑफिस कुठाय ते माहितीय आम्हाला."