साहुकारपेठेत वैरण मागणाऱ्या अंबुजाबाई

अंबुजाबाई आज सकाळी वारल्या. त्यांना कोणीही 'दानशूर' म्हणू नये.

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून तोच शब्द फिरत आहे. म्हणून हे लिहीत आहे.

बाईंनी दान केले नाही. बाईंनी मागितले.
दोहोंत फरक आहे, आणि दुसरे काम अधिक कठीण आहे.

ज्यांना त्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाई इथे चेन्नईत, वेस्ट मांबलमला राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घराणे तंजावरचे, मराठी. महाराष्ट्र त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

'आहे'ला त्या 'अहे' म्हणत. त्यावरून मंडळात काही जण हसत.
मी चौथी शिकलेला मनुष्य आहे. परंतु मोडकी मराठी कोणती आणि जुनी कोणती, एवढे मला कळते.

मी माणदेशचा. इथल्या साहुकारपेठेत, सराफांच्या बाजारात, सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, माझा व्यवसाय आहे. चाळीस वर्षांत त्या बाजारात मी कोणापुढे हात पसरला नव्हता.

मागल्या मोठ्या दुष्काळात गावाकडून थोरल्या वहिनींचा फोन आला.

"भावजी, पुढल्या गुरुवारी बाजार हाय. वैरण संपली. तुमचे बंधू बैलं न्यायची म्हणत्यात. समदं गावच निघालंय."

"वहिनी, मी पैसे धाडतो."

"पैसं खात्यात व्हय बैलं? इकत घ्यायला वैरणच न्हाई कुठं."

मंडळाच्या बैठकीत मी विषय मांडला. शोळिंगनल्लूरला आयटी कंपनीत नोकरी करणारे एक तरुण पदाधिकारी म्हणाले, "काका, हाडं दिसणाऱ्या गाईचा एखादा फोटो द्या. बॅनर करू. ऑफिसात लावला की लोक लगेच देतात."

अंबुजाबाई मागल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "आजाऱ्याला उघडा करून औषध मागतात काय?"

"आँटी, इमोशनल कनेक्ट लागतो."

"मग तुमचा फोटो लावा."

बैठक तेथेच संपली. मदत मागायला मंडळाचे लेटरहेड मिळाले नाही.

जिना उतरताना बाई मला म्हणाल्या, "अण्णा, उद्या तुमच्या बाजारांत जाऊं."

मी म्हणालो, "तिथे मला मान आहे, बाई."

"मान अहे तिथेंच मागायचें. मान नाहीं तिथें मागतो तो भिकारी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या दुकानाची पायरी चढलो. सराफ तमिळ, माझ्या ओळखीचे.

मी तमिळमध्ये बोलू लागलो आणि मध्येच अडलो. सोने, चांदी, तेजाब, तूट, सगळे शब्द मला येतात. परंतु चाळीस वर्षांत गुरांच्या चाऱ्याला तमिळमध्ये काय म्हणतात, हे कधी लागलेच नव्हते.

म्हणून मी 'वैरण' असेच म्हणालो. गावच्या बैलांसाठी वैरण हवी आहे.

तमिळमध्ये 'वैरम' म्हणजे हिरा.

सराफांनी माझ्याकडे पाहिले. "माट्टुक्कु वैरमा, अय्या?"
बैलाला हिरा?

गादीवरचे सगळे हसले. ते पुढे म्हणाले, "नाकात घालणार की कानात?"

मी उठलो आणि चपला शोधू लागलो.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी पाणी मागितले, सावकाश प्यायल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "हसून झालं? मग ऐका. या अण्णांच्या गावात गुरुवारी सगळी बैलं विकली जातील. ज्याच्या गोठ्यात आठ दिवसांचा चारा आहे, तो तिथे आज हिरेवालाच. हे चुकीचं बोलले नाहीत."

सराफ हसायचे थांबले नाहीत. हसत हसतच त्यांनी पैसे दिले, आणि शेजारच्या दुकानात निरोप धाडला, "बैलांसाठी हिरे मागणारे येत आहेत, बसवून घ्या."

आम्ही पोहोचण्याआधी तो विनोद प्रत्येक दुकानात पोहोचलेला असे. माझे कान तापले होते.

बाई म्हणाल्या, "अण्णा, हसणारा माणूस दार लावत नाहीं."

संध्याकाळपर्यंत एकही दार लागले नाही.

चेंगलपट्टूकडे भाताची कापणी नुकतीच झाली होती. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्या पैशांत तिथला पेंढा जमवून दिला. कोयंबेडूच्या बाजारात कांदा उतरवून सोलापूरकडे रिकामे परतणारे ट्रक बाईंनी स्वतः उभे राहून ठरवले. चालक "आजी, उन्हात थांबू नका" म्हणत होते. त्या शेवटची दोरी आवळेपर्यंत तिथेच होत्या.

ट्रक बुधवारी तिन्हीसांजेला गावात शिरले.

गुरुवारच्या बाजारात आमच्या गावचे एकही जनावर उभे राहिले नाही.

वहिनींचा फोन आला. "भावजी, भाताचा वास येतुया पेंढ्याला. बैलं आधी नुसती हुंगत बसली. मग खाल्ला."

मी ते बाईंना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी 'हुंगत' या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा पाऊस चुकला, तेव्हा आम्ही दोघे मागायला गेलो. बॅनर केला नाही. गाईचा फोटो लावला नाही. बैलांच्या धन्यांकडून आभाराची पत्रेही लिहवून घेतली नाहीत. ज्यांना ही पद्धत जुनाट वाटते, त्यांना वाटो.

आज त्यांच्या घरी गेलो. बेंगळुरूहून आलेला त्यांचा मुलगा मला ओळखत नव्हता. त्याने तमिळमध्ये अदबीने विचारले, "आपण कोण?"

दारात साहुकारपेठेतले सराफ उभे होते. मंडळाचे पदाधिकारी पुष्पचक्र घेऊन उभे होते.

मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "तुमच्या आईबरोबर मी मागायला जात असे."

अंबुजाबाई, आपणांस साष्टांग नमस्कार.

आपल्या आत्म्यास शांती लाभो, असे लिहिण्याची रीत आहे. परंतु यंदाही माणदेशात पाऊस झालेला नाही. तेव्हा शांतीचे नंतर पाहू.

सोमवारी मी बाजारात जात आहे.