तिरक्या टोपीचा जग

करी रोडच्या आमच्या खोलीत थोरल्या भावाचा एकही फोटो नव्हता. जो एक होता तो बोटीच्या कागदांवर चिकटवलेला, आणि ते कागद त्याच्याबरोबर दर्यावर. घरात होता तो चिनी मातीचा एक जग.

भावाने तो पहिल्या फेरीत विलायतेहून आणला होता. जग म्हणजे नुसतं माणसाचं डोकं. तिरकी टोपी, कोरलेली मिशी, एक भुवई वर, मागे धरायला मूठ. भाऊ इंग्रजी सिनेमांचा वेडा, माझगावच्या गोदीत होता तेव्हापासून तशीच मिशी राखायचा. आईने जग फिरवून फिरवून पाहिला आणि पोराने आपलंच तोंड करवून आणलं म्हणून खूश झाली. तो नुसता हसला. तोंड होतं सिनेमातल्या एका नटाचं, आणि नटाशी तुलना झाल्यावर कोण कशाला नाही म्हणेल?

बौद्ध झाल्यावर आम्ही देव समुद्रात सोडले होते, तेव्हापासून देवांची फळी रिकामी होती. आईने जग तिथे मांडला. वर शेजारणींना ताकीद, की याला कुणी हात जोडायचे नाहीत. स्वतः मात्र रोज पदराने त्याचं तोंड पुसायची. दुसऱ्या फेरीत भाऊ कुठल्याशा बंदरात उतरला तो बोटीवर परत चढलाच नाही. एवढंच आम्हाला कळलं. मग आई त्या जगाशी बोलायलाही लागली. मला रागच यायचा. घरात हाडामांसाची पोरगी, आणि जेवलास का म्हणून विचारायचं ते मातीच्या डोक्याला.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चाला चाळीतल्या झाडून साऱ्या बायका निघाल्या, मीही आईचा हात धरून होते. गिरगावात एका थिएटरवर भलामोठा रंगवलेला बोर्ड होता. तीच टोपी, तीच मिशी, आणि मिठीत एक मडम. घोषणा अर्धी सोडून आई जागच्या जागी थांबली. मागच्या बायका तिच्यावर आदळल्या. माझा पोरगा सापडला, असं ती ज्याला त्याला सांगू लागली. शेजारच्या काकूंना वाचता येत होतं. त्यांनी बोर्ड वाचला आणि हळू आवाजात तिला समजावलं, की हा गोरा साहेब आहे, सिनेमातला नट. बायका हसल्या. चौपाटीपर्यंत आई माझा हात ओढत भराभर चालली.

घरी आल्यावर ती जग फोडेल असं वाटलं. फोडावा, असंही मला वाटलं. तिने तो खाली काढला, मांडीवर घेतला आणि बघत बसली.

"हा तो नव्हे," ती म्हणाली. "मग खरा कसा दिसायचा गो तो? तुला आठवत असेल. सांग मला."

मी डोळे मिटले. त्याचं नाक शोधलं, हनुवटी शोधली. भाऊ माझाही होता, मलाही तो हवाच होता. पण कितीही घट्ट मिटले तरी डोळ्यांपुढे तो साहेबच येत होता, आणि आई माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.