दुसऱ्या पानावरच्या तीन ओळी

माझी थोरली बहीण हिसाए त्सुकुदा आमच्या बंदरातल्या कामाबोकोच्या, म्हणजे माशाच्या वड्यांच्या, कारखान्यात बत्तीस वर्षं होती. माशाच्या लगद्यातला काटा मशीनच्या नजरेतून सुटला, तरी ताईच्या अंगठ्यातून सुटायचा नाही.

एका जूनमध्ये कामावरच तिच्या पाठीत कळ आली. मी तिला गावच्या इस्पितळात नेलं. स्कॅन झाला. डॉक्टर कुसाबांच्या खोलीत ती एकटीच गेली, मी बाहेर बाकावर बसले. पाच मिनिटांत ती बाहेर आली. "मूतखडा आहे. पाणी पी म्हणाले, पडेल." तो पडलाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचा खोकला थांबेना, म्हणून शहरातलं मोठं इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुना स्कॅन मागवला. तो पाहता पाहता त्या ताईकडे वळल्या.

"त्सुकुदा-सान, तेव्हा फुप्फुसाबद्दल तुम्हाला कुणी काही बोललं नव्हतं?"

"मूतखड्यासाठी गेले होते मी. फुप्फुस कुठनं आलं मध्येच?"

बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. मूत्रपिंडाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा तळही येतो. अहवाल दोन पानी होता. पहिल्या पानावर खडा, आणि दुसऱ्यावर स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या तीन ओळी: उजव्या फुप्फुसाच्या तळाशी नऊ मिलिमीटरचा डाग, कर्करोगाची शंका, तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करावी. मध्ये चौदा महिने गेले होते. डागाची चार सेंटिमीटरची गाठ झाली होती आणि ती छातीतल्या ग्रंथींपर्यंत पोचली होती. आता शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती.

मेहुणे मोरिहिरो म्हणाले, "डॉक्टरशी भांडून गाठ जाणार आहे का? उद्या परत तिथंच जायचंय आपल्याला."

"उद्या? माझ्या उद्याचंच तर विचारतेय मी!" ताई म्हणाली. ती त्यांच्यावर अशी ओरडलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

तिने गावच्या इस्पितळाकडे सगळे कागद मागितले. दोन आठवड्यांनी आम्हाला बोलावणं आलं. अधीक्षक अतिशय नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरांनी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, तशी नोंदच आहे. कळा येत असताना माणूस विसरतो, त्यात काही वावगं नाही."

त्या दिवसापासून ताईचं एकच सुरू झालं. "तामायो, खरंच सांगितलं असेल का गं? मीच तर नाही ना विसरले?" औषधाने केस गळत होते, जेवण पोटात ठरत नव्हतं, आणि ही मात्र ती पाच मिनिटं पुन्हा पुन्हा उकरत बसायची. मी काय सांगणार? मी बाकावर होते.

वकीलबाई अरिमोतोंनी सगळं ऐकून घेतलं. "नोंद आहे ना? मग ती कधी लिहिली ते बघू. पण त्यांना आधी सुगावा लागता कामा नये." त्यांनी कोर्टात अर्ज केला. मेमधल्या एका गुरुवारी दुपारी कोर्टाचा हुकूम इस्पितळात पोचला आणि तासाभरात न्यायाधीश, कारकून आणि छायाचित्रकार नोंदी जशाच्या तशा टिपून घ्यायला दारात हजर. अरिमोतो त्यांच्याबरोबर आत गेल्या, आम्हा बहिणींना मात्र मनाई होती. समोरच्या उदोनच्या दुकानात आम्ही बसून राहिलो. शेवया रश्शात फुगून लगदा झाल्या, आणि ताईची नजर इस्पितळाच्या दारावरून हलेना.

चारच्या सुमाराला अरिमोतोबाई आल्या. "नोंद आहे," त्या म्हणाल्या.

ताईने डोळे मिटले.

"थांबा, पुढचं ऐका. तुम्ही कागद मागितल्यानंतर सहा दिवसांनी ती घातलीय. संगणकात प्रत्येक बदलाची वेळ राहते."

ताईने समोरचा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे मी विसरले नव्हते." आणि दुकानात सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली.

खटला उभा राहिला, तसा इस्पितळाने पवित्रा बदलला. चूक झाली, मान्य. पण हा कर्करोगच इतका जहाल होता की तेव्हा कळला असता तरी शेवट हाच झाला असता, असं त्यांचे वकील म्हणू लागले. ताईसमोर बसून ते तिच्या शेवटाबद्दल बोलत होते.

डॉक्टर कुसाबांची साक्ष झाली.

"दुसरं पान उघडलंत?" अरिमोतोंनी विचारलं.

"नाही. मला मूत्रपिंडच बघायचं होतं. बाहेर चाळीस माणसं बसली होती."

"आणि ती नोंद?"

"घाबरलो होतो."

ताईने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले.

कोर्टाने नेमलेले तज्ज्ञ म्हणाले की एवढा डाग वेळेवर काढला तर दहातले आठ जण पाच वर्षांनंतरही जगतात. ताई त्या आठांत असती का, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही.

निकाल लागायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. ताई नाकाला प्राणवायूची नळी लावून बसली होती. न्यायाधीशांनी वाचलं: अहवाल न वाचणं हा निष्काळजीपणाच, आणि तो झाला नसता तर त्सुकुदाबाई बहुधा कितीतरी अधिक वर्षं जगल्या असत्या. जगल्या असत्या! ती समोर बसलेली असताना.

बाहेर कुसाबा माफीसाठी कमरेत वाकून उभे होते.

"डोकं वर करा, डॉक्टरसाहेब," दम खात ताई म्हणाली. "पान राहिलं, ते मी समजू शकते. कामाच्या रेट्यात हातून सुटतं. पण मीच विसरले, असं तुम्ही मला आठ महिने वाटायला लावलंत. त्याची माफी नाही मिळायची."

ते वाकलेलेच राहिले. मी ताईची चाकाची खुर्ची लिफ्टकडे वळवली.

इस्पितळाने अपील केलं नाही. ताई त्याच वर्षी सप्टेंबरात गेली, साठाव्या वर्षी.