चाकाच्या पाया पडणारा देवसिंग

आमच्या तांड्याची वाट घाटंजी रोडवरच्या फाट्यापासून फुटते आणि नाल्यात उतरते. पावसाळ्यात तिथली काळी माती बैलाचा खूरही सोडत नाही. त्या चिखलातून बारा महिने ये-जा करणारा एकटा देवसिंग राठोड, लिलावात घेतलेल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकवर. खताच्या थैल्या, माझ्या फाट्यावरच्या दुकानाचा किराणा, अडलेली बाळंतीण, सगळं त्याच्याच गाडीतून जायचं.

नाल्याच्या अलीकडे तो गाडी थांबवी, पुढच्या दोन्ही चाकांपाशी वाके, हात लावी आणि मग तोच हात कपाळाला नेई. लोक म्हणत, हा चाकाच्या पाया पडतो, म्हणून याची गाडी फसत नाही.

"कोनता मंतर मारतं गा?" असं कोणी विचारलं की देवसिंग मिशीत हसे. "जगदंबा नेते. मी कोन?"

मंतर कसला डोंबलाचा! त्या चाकांच्या मधोमध बोटांनी फिरवायची एक चकती होती. ड्रायव्हरच्या सीटजवळचा दांडा ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या आसापर्यंत येतो. पण चकती फिरवून हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, लॉक केल्याशिवाय तो चाकात उतरत नाही. आस आतल्या आत फिरतो, चाक जागच्या जागी. डांबरी रस्त्यावर आस फुकटचा फिरू नये, डिझेल जळू नये, म्हणून देवसिंग एरवी हब सुटे ठेवायचा. एवढीच गोष्ट, पण आम्हाला ती कळली फार उशिरा. त्यानं कोणाला सांगितलीच नाही. तांड्यात मान मिळत होता, तो कोणाला नको असतो? मला त्याचा अजूनही राग येतो.

गेल्या श्रावणात निंदण चालू असताना कपाशीच्या पऱ्हाटीत त्याला नाग चावला. अँब्युलन्स फाट्यापर्यंतच येणार होती. नाला ओलांडला तर माणूस वाचणार होता. शेजारच्या रामधननं ट्रक काढला. मागे रुपीबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. देवसिंगच्या पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती.

नाल्याशी रामधन थांबला. उतरून दोन्ही चाकांना हात लावला, कपाळाला नेला. अगदी मनापासून पाया पडला बिचारा. मग वर चढून दांडा ओढला आणि गाडी चिखलात घातली.

मधोमध मागची चाकं गरगरली आणि खोल गेली. पुढची ढिम्म.

"दांडा तं ओढला ना मी! पायाबी पडलो!" रामधन रडकुंडीला आला. "काहून नाही चालून राह्यली?"

पोरं-बाया ढकलायला लागल्या. कोणीतरी पलीकडच्या वावरातून गाड्यांची दुरुस्ती जाणणाऱ्या उकंडाला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. तो दोर बांधायला वाकला आणि ओरडलाच, "अरे, हब तं सुटेच हायेत!"

त्यानं दोन्ही चकत्या फिरवल्या. रामधननं ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी दोर न लावताच वर चढली.

अँब्युलन्स माझ्या दुकानासमोर उभी होती. पण ट्रक फाट्यावर पोचला तेव्हा देवसिंगचा श्वास थांबला होता. अँब्युलन्समधल्या डॉक्टरनं बरीच खटपट केली. काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून रामधन कोणाच्या नजरेला नजर देत नाही. परवा रुपीबाई मिठाला आली. मी तिच्यासमोरच बोलून गेलो, "रामधनच्या अकलेनं माणूस गेला."

"त्याले नका बोलू, दादा," ती म्हणाली. "नाल्यात ह्यांचा हात माह्या हातात होता. बोलता येत नव्हतं, तं बोटं फिरवून राह्यले होते, असे... असे. मले वाटलं झटका आला. मी मूठ दाबून धरली. गाडी वर येईपर्यंत सोडलीच नाही."