महालक्ष्म्यांपुढची लाकूडगाडी

विश्वनाथ वैरागड्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवतानाही एक पाय हलत असायचा. नागपुरात सक्करदऱ्याच्या घरी लांबून छोट्या लाईनच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की घास तसाच ठेवून माणूस दारात! आणि गाडी तर तिथून दिसायचीही नाही. आता काय म्हणावं अशा माणसाला?

नोकरी जंगल खात्यात, काम नकाशे काढायचं. तरुणपणीची आठ वर्षं त्यांनी चांद्याकडे कोसमघाटच्या कॅम्पवर काढली होती. तिथं सागवानाचे लठ्ठे वाहायला खात्याची छोटीशी रेल्वे होती. ती आठही वर्षं त्यांची बायको तारा इथंच होती. तिनं सासूचं आजारपण काढलं. सासू गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा पुढच्या खोलीत शिलाईचा क्लास काढला आणि नावारूपाला आणला. विश्वनाथराव बदली होऊन नागपूरला आले त्यालाही दोन वर्षं झाली होती, पण आले ते नुसते अंगानं. मन तिकडंच भटकत होतं.

अडुसष्ट साली साहेबांनी त्यांना विचारलं, बढतीवर कोसमघाटला जाता काय? गणपतीतल्या महालक्ष्म्या आटोपल्या की सोमवारी सांगा. विश्वनाथराव उड्या मारत घरी आले. सहकुटुंब जाऊ, क्वार्टर मिळेल, म्हणाले. तारानं साफ नाही म्हटलं. एवढ्या खस्ता खाऊन उभा केलेला क्लास मोडून ती काहून जाईल? चुकलं तिचं काही?

वाद घालायचा सोडून या गृहस्थांनी भलतंच खूळ डोक्यात घेतलं. महालक्ष्म्यांपुढे दरसाल आरास व्हायची, शंकरपाळ्यांचे डोंगर, चुरमुऱ्यांची शेतं. यंदा म्हणे आपण अख्खं कोसमघाट मांडू, रेल्वेसकट. ते पाहून ताराचं मन वळलं नाही तर नाव सांगणार नाही!

मग काय, घरात नुसता धुमाकूळ. सदरच्या बाजारातून चावीचं इंजिन आणि टिनाचे रूळ आणले. मोरीचं जुनं दार खाली घेतलं, त्यावर नकाशा काढला, पुसला, पुन्हा काढला. पोत्याला चुन्यात बुडवून डोंगर केले. तुळशीच्या मंजिऱ्यांचं रान केलं. कपाशीच्या पऱ्हाट्या तासून सागवानाचे लठ्ठे केले. कॅम्पची झोपडी तर अशी की छप्पर उचललं की आत कंदील, खुंटी, खुंटीवर टोपी, काड्यापेटीच्या काड्यांची एक खाट. तारानं एकदा छप्पर उचलून आत पाहिलं आणि परत ठेवलं.

एक गोष्ट मात्र त्यांना झोप लागू देईना. रूळ गोल होते. जंगलातून भरून निघालेली गाडी फिरून भरलेलीच जंगलात यायची. जंगलात कधी लाकडं येतात काय? वळण बदललं, डोंगर सरकवला, तारावर उगाच खेकसले, तरी जमेना. शेवटी तोड निघाली. महालक्ष्म्यांच्या मागे पडदा असतो, अर्धे रूळ त्या पडद्याआड न्यायचे. पुढे जंगल, मागे नागपूर. पुढे गाडी थांबली की पाहायला आलेल्या बायकांनी लठ्ठे भरायचे. पडद्यामागे विश्वनाथरावांनी ते उतरवायचे, चावी द्यायची आणि रिकामी गाडी पुढे सोडायची. डोकं आहे की नाही?

पूजेच्या दिवशी सायंकाळी घर बायकांनी भरून गेलं. शेजारच्या कुसुमताईंनी पहिला लठ्ठा चढवला, मग सगळ्यांनाच हौस आली. हळदीकुंकवाच्या बोटांनी पऱ्हाट्या लाल-पिवळ्या होऊन गेल्या. आणि आमचे विश्वनाथराव महालक्ष्म्यांच्या पाठीशी उकिडवे, घामाघूम, पण मनातून असे खूष की विचारू नका. बायकांचं "अगंबाई" ऐकू आलं की त्यांना वाटायचं, आता तारा पाघळली असेल.

तारा खरंच पाघळली होती. कोणीतरी तिला म्हणालं, नवऱ्यानं हौसेनं किती केलं! तारा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आता आम्ही दोघंही तिथंच चाललो राहायले. ह्यायनं एवढं जीव लावून दाखवलं, मी नाही कसं म्हणू? दिवाळीनंतर क्लास बंद करून राहिली मी."

महिनाभर ज्या शब्दांसाठी जीव टाकला, ते शब्द पडद्याआड पोचले. आणि विश्वनाथरावांना पुढचं सगळं दिसलं. कोसमघाटच्या पहाटेत ताराचा आवाज, ताराचे पाहुणे, संध्याकाळी ताराचं विचारणं की कुठं होते इतका वेळ. आपल्याला हे नको आहे, हे त्यांना तिथं उकिडवं बसल्याबसल्या पहिल्यांदा कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. गाडी समोर येऊन उभी होती. त्यांनी चावी दिली आणि लठ्ठे न उतरवताच ती सोडली.

"अवं, ही तर भरलेलीच वापस आली!" कुसुमताई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. तारा हसली नाही. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं.

बायका गेल्यावर तिनं पडदा बाजूला केला. विश्वनाथराव तिथंच बसून होते. पाय हलत नव्हता.

"भरलेली गाडी काहून सोडली?"

ध्यान नव्हतं, ते म्हणाले.

"महालक्ष्म्या बसल्या हायेत, खोटं बोलू नका. मी येते म्हटलं अन् तुमचा हात थांबला." ती खाली बसली. "खाट एकच हाय झोपडीत, ते मी मागेच पाहिलं. म्हटलं, विसरले असतील."

विश्वनाथरावांना रडू आलं. ते म्हणाले, "तूच नको असं नाही तारा. तिथं मले कोणीच नको."

"मग ते तवाच सांगतलं असतं," तारा म्हणाली. "आठ वर्षं मी जेवण झाकून ठेवत होती. कधी तुम्ही अवचित याल म्हणून."

तारानं उठून देवापुढच्या समईत तेल घातलं. मग म्हणाली, सोमवारी साहेबाले हो सांगा, पण एकट्याचं सांगा. क्लास काही बंद व्हायचा नाही.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. तारानं आरास आवरली, मोरीचं दार जागेवर बसवून घेतलं आणि हळदीकुंकवानं माखलेले सगळे लठ्ठे परडीत भरून चुलीजवळ ठेवले. पऱ्हाट्याच त्या, पाणी तापवायच्या कामाच्या. सोमवारी तिनं त्या चुलीत घातल्या. त्या पाण्यानं आंघोळ करून विश्वनाथराव ऑफिसात गेले आणि हो सांगून आले.